आंब्याखालचा मोंडो

एरंडवण्यात जुना बंगला पाडून आमची इमारत उभी राहिली, तेव्हा मागच्या अंगणातला रायवळ आंबा वाचला. त्याच्याखालची जमीन मात्र वाचली नाही. बांधकाम चालू होतं तोवर तिथे वाळू, खडी, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या पडलेल्या असायच्या. काम संपल्यावर त्या सगळ्या भरावावर चार बोटं लाल माती पसरून वर लॉनचे पट्टे अंथरले गेले. पहिल्या पावसाळ्यात अंगण हिरवंगार दिसलं. दिवाळी येईतो गवत विरळ झालं आणि होळीपर्यंत आंब्याच्या बुंध्यापासून पार फांद्यांच्या टोकापर्यंत नुसती टणक, उघडी माती उरली. मग पुन्हा लॉन, पुन्हा तेच. दोन-तीन वर्षांआड हा खर्च ठरलेलाच असे.

यात माळ्याचा दोष नव्हता आणि लॉनवाल्याचाही नव्हता. लॉनसाठी आपल्याकडे जी गवतं वापरतात ती हरळीच्या कुळातली, उन्हावर जगणारी. त्यांना दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. जुन्या आंब्याची सावली इतकी दाट असते की दुपारी बारालाही खाली कवडसेच पडतात. दुसरी अडचण पाण्याची. बारीक पाऊस वरच्या पानांतच अडतो, आणि जो खाली येतो त्यावर पहिला हक्क आंब्याच्या मुळांचा. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली असतात. तिथे उथळ मुळाचं, उन्हाचं भुकेलं गवत टिकायचं कसं?

संस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा सरळ पेव्हर ब्लॉक बसवून टाकायचा प्रस्ताव आला. चिखल नाही, कचरा नाही, वर दोन गाड्याही उभ्या राहतील. बहुतेकांना ते पटत होतं. मी उठून विरोध केला, आणि आजही करेन. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यालगत फरशी आली की माती दाबली जाते, हवा कोंडते, आणि झाड वर्षा-दोन वर्षांत नाही तरी हळूहळू खंगत जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं, ते याच कारणासाठी. मी ते सभेत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “ताई, पटतंय, पण मग तिथे लावायचं काय ते तुम्हीच सांगा. आणि लावलेलं जगेल याची जबाबदारीही तुमचीच.” मी हो म्हटलं.

गवतासारखं दिसणारं, पण सावलीत राहणारं, बारा महिने हिरवं, कापत बसावं न लागणारं आणि आंब्याच्या मुळांशी न भांडणारं झाड मला हवं होतं. शोधता शोधता मोंडो ग्रासवर येऊन थांबले. पुण्यातल्या नर्सरीवाल्यांकडे हेच नाव चालतं. नुसतं ‘मोंडो’ म्हटलं तरी कळतं.

मोंडोला ग्रास म्हणतात, पण ते गवत नव्हे. शतावरीच्या कुळातलं, ठोंबाने वाढणारं बहुवर्षायू रोप आहे ते. शास्त्रीय नाव ओफिओपोगॉन जॅपोनिकस. मूळ घर जपान, चीन, कोरिया. तिथल्या जंगलात मोठ्या झाडांच्या पायथ्याशी ते वाढतं. जपानी बागांमध्ये झाडांखाली आणि पायवाटेच्या दगडांच्या कडेने ते पूर्वापार लावतात. त्याचे काही जवळचे भाऊबंद आपल्या हिमालयातही रानटी सापडतात. पानं काळपट हिरवी, चिवट, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद आणि वीतभर लांब; ती ठोंबातून उगवून बाहेरच्या बाजूला झुकतात. पावसाळ्यात पानांच्या आत दडलेली फिकट जांभळी-पांढरी फुलं येतात, आणि पुढे चकचकीत निळ्या गोळ्या धरतात. पण माझ्या कामाची गोष्ट मातीखाली होती. त्याच्या मुळांना जागोजागी लांबट गाठी असतात. चिनी वैद्यकात याच गाठी सुकवून औषधात वापरतात. झाडापुरतं बोलायचं तर त्या पाण्या-अन्नाच्या साठ्याच्या कोठ्या आहेत. वरची माती कोरडी पडली तरी ठोंब त्यांच्यावर तग धरतो. हे मला का महत्त्वाचं वाटलं ते पुढे सांगते.

रोपं आणायला सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला गेले. त्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे. घाऊक घ्यायचं तर तिथेच जावं. शहरातल्या दुकानात तीच पिशवी बरीच महाग पडते. पहिल्या नर्सरीतल्या भाऊंनी माझं ऐकून घेतलं आणि वेडेलिया दाखवला. “ताई, हा लावा. तीन महिन्यांत जमीन दिसणार नाही.” ते खरंही होतं. पिवळ्या फुलांचा वेडेलिया झपाट्यानं पसरतो, प्रत्येक पेऱ्याला मुळं फोडतो, आणि एकदा शिरला की निघता निघत नाही. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींची जी यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने केली आहे, तिच्यात हे झाड आहे. नदीकाठी, ओढ्याकाठी ते कसं माजतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी तरी ते विकत आणू नये. मनी प्लांट आणि सिंगोनियमही मी नाकारले. दोन्ही सावलीत छान पसरतात, पण आंब्याचं खोड मिळालं की वर चढतात आणि खोडाची देखभाल अशक्य करून ठेवतात.

मोंडो घेताना पारखून घ्यावा लागतो. लहान असताना पांढऱ्या पट्ट्यांचा मोंडो आणि क्लोरोफायटम, म्हणजे स्पायडर प्लांट, सारखेच दिसतात आणि काही ठिकाणी एकाच्या नावावर दुसरा मिळतो. पान बोटांत धरून पाहिलं की फरक कळतो. क्लोरोफायटमचं पान मऊ, रसदार, चटकन मोडणारं असतं, मोंडोचं चामट असतं. लिरिओपे हा दुसरा भाऊबंद. त्याची पानं जास्त रुंद, फुलांचा तुरा पानांच्या वर उभा राहणारा आणि फळं काळी. तोही सावलीत चालतो, पण मला बारीक पान हवं होतं. बुटका मोंडो, ज्याला ड्वार्फ म्हणतात, तो चार इंचांच्या वर जात नाही आणि दिसायला फार देखणा. पण तो इतका सावकाश वाढतो आणि इतका दाट लावावा लागतो की सगळ्या अंगणाला परवडला नसता. तो फक्त पायवाटेपुरता घेतला.

पिशवी निवडताना वरची हिरवी पानं पाहून भुलू नये. मी एक-दोन पिशव्या फाडून दाखवायला सांगितल्या. मुळं पांढरट, टणक आणि गाठीदार हवीत. तपकिरी, लिबलिबीत असतील तर बुड सडलंय असं समजावं. जुन्या, मुळांनी गच्च भरलेल्या पिशव्या मुद्दाम मागितल्या. नर्सरीवाल्याला त्या नकोशा असतात, पण त्यातल्या एकेका ठोंबाचे पाच-सहा फुटवे निघतात.

हिशोब घरीच केला होता. आंब्याच्या छायेचा घेर मध्यापासून चार मीटर. म्हणजे साधारण पन्नास चौरस मीटर जागा. पंधरा सेंटिमीटरवर एक फुटवा लावला तर एका चौरस मीटरला चव्वेचाळीस लागतात; दहा सेंटिमीटरवर लावला तर शंभर आणि वीसवर लावला तर पंचवीस. अंतर जरासं बदललं की खर्च कुठल्या कुठे जातो. पंधरा सेंटिमीटर धरले तर दोन हजारांहून अधिक फुटवे, म्हणजे चारशेच्या आसपास पिशव्या. एवढे पैसे एकदम मागितले असते तर सभेने पेव्हर ब्लॉकच मंजूर केले असते. म्हणून अर्धीच जागा लावायची आणि उरलेल्या अर्ध्या जागेला पुढे आपल्याच ठोंबांचे फुटवे वापरायचे, असं ठरवलं. मोंडोच्या बाबतीत हा मार्ग सगळ्यांना सांगावासा वाटतो. हातात पैसे कमी आणि धीर जास्त असेल तर विकत थोडंच घ्यावं.

लावणीच्या आधीचं काम लावणीपेक्षा कितीतरी मोठं निघालं. ते आम्ही चैत्र-वैशाखात केलं, आणि त्यातला निम्मा वेळ लव्हाळ्याने खाल्ला. भारतात बाग करणाऱ्या कुणालाही लव्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. वरून उपटला की पात हातात येते आणि खाली नागरमोथ्याची गाठ तशीच राहते. त्या गाठी एकमेकींना धाग्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. एक तुटली की शेजारची जागी होते. मोंडोत लव्हाळा शिरला तर दोघांची पानं एकसारखी, वेगळी काढणं कठीण. म्हणून लावायच्या आधीच तो संपवायला हवा होता. तणनाशक मारायला मी नकार दिला, कारण मुलं तिथे खेळतात आणि खाली आंब्याची मुळं आहेत. काकांनी, म्हणजे आमच्या माळ्यांनी, त्यांची पद्धत काढली. जमिनीला हलकं पाणी द्यायचं, आठवडाभरात लव्हाळा वर येऊ द्यायचा, त्याला तीन-चार पानं फुटली की ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. मग पुन्हा पाणी, पुन्हा वाट पाहणं. दर वेळी तो थोडा कमी आला. काका एकेक गाठ मोजक्या शब्दांत शिव्या घालत बादलीत टाकत आणि बादली थेट कचऱ्याच्या गाडीत; खताच्या खड्ड्यात एकही गाठ जाऊ दिली नाही.

त्याच वेळी भराव निघाला. विटांचे तुकडे, फुटक्या टाईल्स, सिमेंटचे गोळे. सिमेंटमुळे माती चुनखडीसारखी होते आणि मोंडोला किंचित आम्लधर्मी ते उदासीन, म्हणजे ना आम्ल ना क्षारधर्मी, माती मानवते. तशा मातीत लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. म्हणून हे तुकडे घमेल्या-घमेल्यांनी बाहेर काढले. कुदळ आणि टिकाव त्या जागी चालवू दिला नाही. आंब्याची अंगठ्याहून जाड मुळं जिथे दिसली तिथे खणणं थांबवायचं, त्यांच्या मधल्या फटींत खुरप्याने माती मोकळी करायची, एवढंच. मुळांवर नवी माती ओतून जमीन सपाट करण्याचा मोह फार होतो, कारण सपाट जमिनीवर लावणी सुबक दिसते. पण जुन्या झाडाच्या मुळांवर जाड थर चढवणं म्हणजे पेव्हर ब्लॉकसारखाच त्यांचा श्वास अडवणं. चाळलेलं गांडूळखत आणि थोडी पोयट्याची माती मिसळून दोन बोटांचा थर दिला, तोही फक्त फटींमध्ये. बुंध्याभोवती दोन फूट जागा पूर्ण मोकळी सोडली. खोडाला ओलावा चिकटून राहिला की साल कुजते.

रोपं मृगात लावायची असं ठरलं होतं, पण पावसाने ओढ दिली आणि प्रत्यक्ष लावणी आषाढात झाली. सगळ्या पिशव्या आदल्या दिवशी भिजवून ठेवल्या. मग एकेक पिशवी फाडून ठोंब बादलीतल्या पाण्यात बुडवून मुळं स्वच्छ धुतली. हे वेळखाऊ वाटतं, पण सोडू नये. नर्सरीच्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी हमखास असतात, आणि दोन महिने खपून काढलेली कटकट आपण पैसे देऊन परत आणतो. आम्हाला त्या धुतलेल्या मातीत मूठभर गाठी मिळाल्याच. मुळं धुतल्यावर ठोंब कुठे सुटतो तेही नीट दिसतं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी बुडाशी दाबून ओढलं की फुटवे वेगळे होतात. अडलं तर धारदार चाकू. प्रत्येक फुटव्याला निदान पाच-सहा पानं, स्वतःची मुळं आणि जमलं तर एखादी गाठ हवी. फार लांब मुळं कात्रीने चार बोटांवर कापली, पानंही एक तृतीयांश छाटली, म्हणजे नव्या जागी रुजेपर्यंत पानांतून पाणी कमी उडतं.

ही कामं आम्ही बायकांनी आणि शाळेतून आलेल्या मुलांनी मिळून केली. पार्किंगमध्ये चटया अंथरून बसलो होतो, बाहेर पावसाची भुरभुर, मध्ये बादल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकट्यांनी जितके फुटवे सोडवले तितके आम्हा दोघी-तिघींना मिळून जमले नाहीत. त्यांचं बालपण रत्नागिरीकडच्या वाडीत गेलेलं. “सुरण, आळू, हळद, सगळं आम्ही असंच तोडून लावायचो,” त्या म्हणाल्या आणि हात थांबवला नाही.

जमिनीत लावताना वाफशाची, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होण्याची, वाट पाहिली. चिखलात लावलं की माती दाबली जाते आणि सुकल्यावर वीट होते. फुटव्याचं बूड, जिथून पानं निघतात ती जागा, मातीच्या बरोबर पातळीवर राहायला हवी. खोल गाडलं तर बूड सडतं, वर राहिलं तर मुळं उघडी पडतात. काका एका बोटाने मातीत भोक करत, दुसऱ्या हाताने फुटवा सोडत आणि चिमटीने माती दाबत पुढे सरकत. सरळ रेषेत लावण्याचा आग्रह कुणी धरू नये. आंब्याची मुळं जशी वळतात तशीच लावणी वळते. एका ओळीची फट पुढच्या ओळीने भरेल, एवढं पाहिलं की पुरे.

येण्याजाण्याची वाट मात्र आधीच आखली. मोंडो अधूनमधून पडलेलं पाऊल सोसतो, रोजची वर्दळ सोसत नाही. हरळीसारखा तुडवून पुन्हा उठणं त्याच्या स्वभावात नाही, कारण तुटलेला ठोंब भरून यायला महिने लागतात. जुन्या बंगल्याच्या शहाबादी फरशीचे तुकडे कोपऱ्यात पडून होते. ते वाळूवर, सिमेंट न लावता, एकेका पावलावर बसवले आणि त्यांच्या मधल्या सांध्यांत बुटका मोंडो लावला. मुलांना कुठून जायचं ते न सांगता कळलं.

पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी ज्यांना अंगण हिरवं दिसायला हवं होतं त्यांची निराशा झाली, आणि ती साहजिक होती. फुटवे जिवंत होते, पण वाढल्यासारखे दिसत नव्हते. एखाद्या ठोंबाला एखादं नवं पान. मोंडो पहिलं वर्ष मुळं करण्यात घालवतो. हे मी जिन्यात, लिफ्टमध्ये, गेटवर, जिथे कुणी विचारेल तिथे सांगत राहिले. मधल्या उघड्या मातीवर आंब्याचीच वाळकी पानं पसरून ठेवली, म्हणजे तण कमी येतं आणि ओल टिकते. शंखी गोगलगाई श्रावणात खूप झाल्या. त्या कोवळी पानं कुरतडत. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवायचं आणि सकाळी उलटून त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचायच्या, हा उपाय पुरला.

कसोटी लागली ती पावसाळा सरल्यावर.

आंब्याला मोहोर यायचा तर त्याला ताण हवा. फळबागवाले पावसाळा संपल्यापासून मोहोर फुटेपर्यंत झाडाचं पाणी तोडतात. या काळात मुळाशी भरपूर पाणी आणि खत मिळत राहिलं तर झाड पालवी फोडतं आणि मोहोर मागे राहतो. लॉन होतं तेव्हा त्याला जगवण्यासाठी आम्ही हिवाळाभर रोज पाइपने पाणी देत होतो, वर युरियाही टाकत होतो. आंबा दर वर्षी कोवळ्या लालसर पालवीने भरून जायचा आणि फळ मूठभर. “जुनं झाड, आता थकलं,” असं सगळे म्हणत. झाड थकलेलं नव्हतं. खालच्या गवतासाठी आपण त्याची विश्रांती मोडत होतो.

जमिनीवर काय पसरायचं हे ठरवताना लोक रंग पाहतात, किंमत पाहतात, किती दिवसांत भरेल ते पाहतात. वरच्या झाडाचं वर्ष कसं चालतं, हे फार थोडे जण विचारात घेतात. मोंडो मला पटला तो याच ठिकाणी. त्या गाठींच्या बळावर तो आंब्याचा ताण आंब्याबरोबर काढू शकतो. कोजागिरीनंतर आम्ही पाइप गुंडाळून ठेवला. नव्या लावणीला अगदीच कोरडं सोडता येत नव्हतं, म्हणून काका बारीक तोटीच्या झारीने फक्त फुटव्यांच्या बुडाशी, वरची बोटभर माती ओली होईल एवढंच पाणी देत. तेही माती हातात घेऊन भुगा झाली की मगच. पानांची टोकं करपली. आमचं बोअरचं पाणी जड आहे आणि त्यातल्या क्षारांनी मोंडोची टोकं तपकिरी होतात, हेही त्यात होतंच. पण ठोंब मेले नाहीत. एखादा उपटून पाहिला तर खाली नवी पांढरी मुळं दिसायची.

पौषात आंब्याला मोहोर आला. पूर्वीपेक्षा दाट आला, याची नोंद इमारतीतल्या प्रत्येकाने आपापल्या गॅलरीतून घेतली. एका वर्षावरून ठाम बोलू नये, हे मला कळतं. रायवळ आंबा मुळातच एक वर्ष धरतो आणि एक वर्ष सोडतो. पण पाणी तोडायचा निर्णय आता कुणी बदलू देणार नाही, हे नक्की.

मोहोराबरोबर तुडतुडे आले. त्यांच्या अंगातून गळणारा चिकटा खाली मोंडोच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि सगळं अंगण काजळी धरल्यासारखं दिसू लागतं. घाबरून दोन-तीन जणांनी रोग लागला म्हणून सांगितलं. तो मोंडोचा रोग नसतो. बुरशी त्या गोड चिकट्यावर जगते, पानाच्या आत शिरत नाही. वरच्या झाडावर निंबोळी अर्काची फवारणी केली आणि मोंडोची पानं सकाळच्या वेळी हलक्या फवाऱ्याने धुतली. पाणी मोजकंच, कारण ताण अजून पुरता संपला नव्हता. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर मग झाडालाही पाणी सुरू केलं, आणि मोंडोने त्या पंधरवड्यात जी उचल घेतली ती तोवरच्या सगळ्या महिन्यांत घेतली नव्हती.

वाळलेल्या पानांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सांगायला हवा. आंबा बारा महिने पानं गाळतो. लॉनवर खराटा फिरवता येतो. मोंडोवर फिरवला तर कोवळे ठोंब उपटून येतात. मोठी पानं हाताने वेचावी लागतात, लहान तशीच आत मुरू द्यावी लागतात. ज्यांना अंगण चकचकीत झाडलेलं हवं आहे, त्यांनी मोंडो लावू नये. आमच्याकडे काही जणांना अजूनही ते अस्वच्छ वाटतं. मला ती मुरणारी पानंच आंब्याचं खरं खत वाटतात. एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या, अवाढव्य झाडांखाली पानांचा थर कसा साठलेला असतो ते एकदा जाऊन पाहावं, असं मी त्यांना सांगते.

वैशाखात वळीव आला आणि त्या वाऱ्यात कैऱ्यांचा सडा पडला. टणक जमिनीवर पडलेली कैरी फुटते, डागळते. मोंडोवर पडलेली बहुतेक शाबूत राहिली. आजींनी त्या वर्षी त्याच कैऱ्यांचं लोणचं घातलं. साप निघतील, ही भीती पहिल्यापासून काही जणांना होती. भिंतीलगतच्या पट्ट्यात मोंडो लावला नाही, तिथे खडी पसरली, आणि ठोंबांमधून मुलांनी चेंडू हाताने न काढता काठीने काढावा असं सांगून ठेवलं. अजून तसं काही दिसलेलं नाही.

पाऊस यायच्या जरा आधी छाटणी केली. करपलेली, काजळी धरलेली जुनी पानं बुडापासून चार बोटं वर ठेवून कात्रीने कापली. यंत्राने कापू नये. पातं खाली गेलं आणि ठोंबाच्या मध्याला लागलं की त्या जागी पुन्हा कोंब येत नाही. ही छाटणी वर्षातून एकदाच, नवी पानं फुटायच्या आत. उशीर झाला तर नव्या पानांची टोकं कापली जातात आणि ती वर्षभर तशीच बोथट दिसतात.

दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब ठोंबाला भिडले. गणपतीपर्यंत बुंध्याच्या उत्तरेकडची जमीन दिसेनाशी झाली आणि तण काढायचं काम जवळजवळ संपलं. लव्हाळ्याची एखादी पात अजून डोकावते. ती वेगळ्या, पिवळसर हिरव्या रंगाने ओळखू येते आणि काका ती जाता-येता काढतात. उरलेल्या अर्ध्या जागेसाठी दाट झालेल्या ठिकाणचे एकाआड एक ठोंब उचलून त्यांचे फुटवे केले. विकत काही आणावं लागलं नाही. फक्त दक्षिणेच्या कडेला, जिथे दुपारचं ऊन थेट पोचतं, तिथे मोंडो लावायचा नाही असं ठरवलं. चैत्रातल्या उन्हात त्याची पानं पिवळी पडून भाजल्यासारखी होतात, आणि मग त्याला वाचवायला पाणी वाढवावं लागतं, जे आंब्याच्या मुळांपर्यंत जातं. त्या पट्ट्यात आता हरळी आहे. तिला तिथे हवं तेवढं ऊन मिळतं, आणि गणपतीच्या दिवसांत दूर्वाही घरच्या होतात.

शेजारच्या सोसायटीच्या सचिव काकू फुटवे मागायला आल्या होत्या. त्यांच्याकडे चिकूचं झाड आहे. चिकूला आंब्यासारखा मोहोरासाठी ताण द्यावा लागत नाही, त्याला बारा महिने थोडं थोडं पाणी चालतं. तेव्हा त्यांना लावणीनंतरचा पहिला हिवाळा आमच्यापेक्षा सोपा जाईल. एक गोणीभर ठोंब दिले आहेत, मुळं धुऊन. लव्हाळा संपल्याशिवाय लावू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं.